पहिली भेट गप्पच जाते

दिवाळी झाली की पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यातली बरीच कुटुंबं ‘जगायला’ जातात. भिवंडी-वसईकडे, वीटभट्टीवर, नाहीतर बांधकामावर. मूल सोबत जातं किंवा आजीकडे, आश्रमशाळेत राहतं. ही झाली हलाखी. तिला छळ म्हणू नये, कारण झोपडीतलं मूल मायेनं वाढू शकतं आणि बंगल्यातलं रोज मार खाऊ शकतं. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७च्या अहवालात १३ राज्यांतल्या दर तिघांपैकी दोन मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं होतं.

मारझोड, अपमान, लैंगिक अत्याचार सोसलेलं मूल एक गोष्ट लवकर शिकतं, मोठ्या माणसाला मनातलं सांगायचं नाही. तेव्हा या सवयीनं त्याला वाचवलेलं असतं. तिशी-चाळिशीत उदासपण घेऊन समुपदेशकासमोर बसल्यावर तीच आड येते. ‘बरं आहे’ एवढंच उत्तर. त्यात बोली वारली आणि समोरच्याची मराठी पुस्तकी असली, तर विचारूच नका.

म्हणून जाणता समुपदेशक आल्या आल्या जुनं उकरत नाही. झोप लागते का, जेवण जातं का, घरात आजही कोणी हात उगारतं का, हे आधी विचारतो. दिवसाचं एखादं छोटं काम ठरवून देतो आणि पुढच्या वेळी ठरल्या वेळेला हजर असतो. हे किरकोळ वाटेल, पण शब्द पाळणारं मोठं माणूस काहींना पहिल्यांदाच भेटत असतं. भूतकाळ नंतर, तोही पेशंटला झेपेल तेवढाच.

अशांना उपचार फारसे लागू पडत नाहीत, असं तज्ज्ञही मानत. २०२२ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त २९ चाचण्यांमधल्या ६,८३० नैराश्यग्रस्त प्रौढांचा आढावा आला. बालपणी आघात झालेल्यांचा त्रास सुरुवातीला जास्त होता, उपचारांनंतरही जास्तच उरला. उतार मात्र आघात झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही गटांत जवळपास सारखा पडला. ताप १०४वरून १०२वर आला तर औषध वाया गेलं असं आपण म्हणत नाही, ते चालू ठेवतो.

चालू ठेवणं हेच इथे अवघड. जव्हारला यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं, आणि दिवाळीनंतर पेशंट भट्टीवर. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, पेठ तालुक्यात, ‘आत्मीयता’ प्रकल्पानं २०१३पासून गावातल्याच माणसांना ऐकून घ्यायला आणि आधार द्यायला शिकवलं. तसं इथेही व्हायला हवं. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक जवळ ठेवा. तो भट्टीवरूनही लागतो, रात्रीही, आणि मराठीत बोलता येतं.