गच्चीवरून वळीव बघताना

मे महिन्यात पी.एल. चालू असते, पंखा गरम हवाच फिरवत असतो आणि चारच्या सुमारास कुणीतरी बोंब मारतो, "अरे वर चला, आभाळ बघा!" पाच मिनिटांत अख्खं होस्टेल गच्चीवर. बघावंच, पण खाली कधी पळायचं तेही ढगच सांगतो.

तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर चढून थंड होते. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, तिच्या जोरावर हवा आणखी वर जाते. आपल्या थर्मोच्या पेपरातली लेटंट हीट ती हीच! इथे ती ढगाला दहा-पंधरा किलोमीटर उंच नेते. ट्रोपोपॉजला पोचल्यावर ढगाचं डोकं आडवं पसरतं, लोहाराच्या ऐरणीसारखं. हा क्युम्युलोनिंबस.

ऐरणीखाली कधी कधी गोल पिशव्या लोंबतात, त्यांना मॅमॅटस म्हणतात. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्या तांब्यासारख्या दिसतात. रूप भयंकर, पण त्या स्वतः काही करत नाहीत. बरेचदा वादळ पुढे सरकल्यावरच दिसतात.

भ्यायचं ते शेल्फ क्लाउडला. पावसाबरोबर खाली आदळलेली थंड हवा जमिनीवर पसरते आणि समोरची गरम हवा उचलते. त्या रेषेवर फळीसारखा लांबलचक काळा ढग तयार होतो. तो डोक्यावर आला की वारा आलाच, पाऊस मागाहून. १३ मे २०२४ ला मुंबईत धुळीचं वादळ आलं, तेव्हा घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळून १७ जण गेले. गच्चीवरचे सुटे पत्रे आणि डिश अँटेना आठवून बघा.

वारा नसला तरी वीज असते. चमक आणि गडगडाट यांतले सेकंद मोजा, तीनने भागा, की किलोमीटर मिळतात. पण वीज पावसापासून दहा किलोमीटर दूरही पडू शकते. म्हणजे गडगडाट ऐकू आला की आपण टप्प्यात आहोत. "गर्जेल तो पडेल काय" ही म्हण इथे कामाची नाही, आणि "थेंब पडले की जाऊ" हा होस्टेलचा नियम तर साफ चुकीचा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गच्ची बंद. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं, ते मोबाईलवर घेऊन ठेवा.

फोटो काढायचाच असेल तर जिन्याच्या बंद खिडकीतून काढा. काच आधी पुसून घ्या.