एकट्या सल्लागाराचे सोबती

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं एक वाद झाला. वाद म्हणण्यापेक्षां त्यास कुटुंबाची बैठक म्हणावी. कारण तींत तीन पिढ्यांनीं भाग घेतला आणि सर्वांचा चहा निवून गेला. आमचा पुतण्या यंत्रशास्त्राचा पदवीधर. दहा वर्षें तो पुण्यास एका कारखान्यांत नोकरीस होता. ती नोकरी सोडून तो वर्ध्यास घरीं आला आणि माडीवरच्या खोलींत बसून त्यानें स्वतंत्र सल्लागाराचा व्यवसाय आरंभिला. आतां नागपूरच्या समव्यवसायी मंडळींत सभासद म्हणून नांव घालावें कीं न घालावें, असा प्रश्न त्यानें घरापुढें ठेविला होता.

थोरल्या बंधूंचें मत साफ प्रतिकूल. "ज्यांच्याशीं चढाओढ करावयाची त्यांच्याच पंक्तीस जाऊन बसावयाचें, आणि वर त्याबद्दल वर्गणी भरावयाची, हा कोठला व्यवहार? तुझीं गिऱ्हाइकें ते पळवितील." पुतण्या म्हणाला, "दादा, पळविण्याइतकीं गिऱ्हाइकें आहेत कोठें माझ्याजवळ?" मातोश्री म्हणाल्या, चार माणसांत असावें हें बरें. वहिनींनीं मात्र एवढेंच विचारलें कीं, वर्गणी किती, आणि तिच्या बदल्यांत हातीं काय येतें? सर्वांत नेमका प्रश्न हाच होता, आणि त्याचें उत्तर शोधतांना मला जें आढळलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें; कारण अशी एखादी माडी आतां पुष्कळ घरांत असेल.

सल्ला देऊन चरितार्थ चालविणें ही आपल्या घराण्यांना नवी गोष्ट नव्हे. वकील, वैद्य, ज्योतिषी हे सारे सल्लागारच. परंतु वकिलास कचेरीच्या आवारांत बारची खोली असते. तेथें पानाचा डबा उघडतां उघडतां तो दहा वर्षें मागच्या निकालाची माहिती मिळवून घेतो. डॉक्टर आपल्याला न उमजलेला रोगी दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवितो, आणि त्यांत कोणी कमीपणा मानीत नाहीं. या नव्या सल्लागाराचें तसें नाहीं. कोणी कारखान्यांची आंखणी करून देतो, कोणी हिशेब व कर पाहतो, कोणी संगणकाच्या प्रणाली रचतो, कोणी शेतीस ठिबक सिंचनाची योजना करून देतो. पण प्रत्येकजण आपापल्या खोलींत एकटा. नोकरींत असतांना शेजारच्या टेबलाशीं जाऊन "हें जरा पाहतां का?" असें विचारण्याची सोय असते. ती पगाराच्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते, म्हणून नोकरी सोडतांना तिची किंमत कोणी धरीत नाहीं.

ती किंमत आमच्या घरीं कळली ती अशी. हिंगणघाटच्या बाजूस एका गृहस्थांना डाळीची गिरणी घालावयाची होती. पुतण्यानें यंत्रांची आंखणी, इमारतीचा नकाशा व खर्चाचा अंदाज असें सर्व काम मन लावून केलें. यंत्रांत चूक नव्हती. चूक निघाली विजेंत. सर्व मोटारींच्या अश्वशक्तीची बेरीज त्यानें बरोबर केली होती. परंतु मोटार चालू होण्याच्या क्षणीं नेहमीपेक्षां कैक पट अधिक वीज ओढते, आणि दोन मोठ्या मोटारी एकदम चालू केल्या तर मंजूर झालेला पुरवठा अपुरा पडतो, हें त्यानें हिशेबांत नीट घेतलें नव्हतें. कारखान्यांत असतांना हा भाग विजेचा अभियंता पाहत असे. तुरीचा हंगाम ऐन भरांत असतां गिरणी तीन आठवडे बंद राहिली. त्या गृहस्थांनीं ठरलेल्या फीपैकीं निम्मी फी दिली नाहीं. त्यांचें म्हणणें अगदींच गैर होतें असें मला म्हणवत नाहीं. पुढें नागपूरच्या एका वयस्क विद्युत्-अभियंत्यांस पुतण्यानें तो नकाशा दाखविला. त्यांनीं दहा मिनिटांत दोष दाखविला आणि मोटारी एकामागून एक चालू करण्याची युक्तीही सांगितली. "आधीं कां नाहीं आलास?" असें त्यांनीं विचारलें. आधीं त्यांची ओळख नव्हती, हेंच त्याचें खरें उत्तर.

ही हकीकत ऐकतांना मला आमच्याच गांवांतील मगनवाडीची आठवण झाली. मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनांत, १९३४ च्या ऑक्टोबर महिन्यांत, ग्रामोद्योगांसाठीं एक स्वतंत्र संघ काढण्याचा ठराव झाला, आणि डिसेंबरांत वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनीं आपली बाग व तींतील घर संघास दिलें. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिचें नांव मगनवाडी पडलें. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष झाले आणि जे. सी. कुमारप्पा चिटणीस. या कुमारप्पांचें पूर्वचरित्र आमच्या विषयास फार जवळचें आहे. तंजावरकडे जन्मलेले हे गृहस्थ लंडनला हिशेबतपासणीचें शिक्षण घेऊन आले. मुंबईस 'कॉर्नेलियस अँड डावर' या नांवानें त्यांचा स्वतःचा हिशेबनिसाचा धंदा होता. म्हणजे फी घेऊन सल्ला देणाराचें आयुष्य कसें असतें हें त्यांस स्वानुभवानें ठाऊक होतें. पुढें अमेरिकेंत अर्थशास्त्राचा अभ्यास करून आल्यावर १९२९ सालीं त्यांची गांधींशीं भेट झाली आणि तो धंदा मागें पडला.

संघाच्या कार्यकारी मंडळाबरोबरच सल्लागारांची एक यादी जाहीर झाली. ती आज वाचली तरी नवल वाटतें. कलकत्त्याचे जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय, बंगलोरचे चंद्रशेखर वेंकट रामन, शांतिनिकेतनचे रवींद्रनाथ. कुन्नूरच्या प्रयोगशाळेंत आहारावर संशोधन केलेले रॉबर्ट मॅककॅरिसन. अलाहाबादेस शेतकीचें विद्यालय चालविणारे सॅम हिगिनबॉटम. डॉक्टरांपैकीं अन्सारी, बिधनचंद्र राय, जीवराज मेहता. व्यापारी व पेढीवाले यांपैकीं घनश्यामदास बिर्ला व सोराबजी पोचखानवाला. त्यांतील पुष्कळांनीं मगनवाडीचें फाटकही पाहिलें नसेल. त्यांनीं सभांना यावें अशी अपेक्षाच नव्हती. आपापल्या शास्त्रांतील प्रश्न आला म्हणजे त्यांनीं आपलें मत द्यावें, एवढाच करार.

ही मंडळी कोणी व्यवसायवृद्धीसाठीं एकत्र आली नव्हती, हें येथेंच सांगितलें पाहिजे. फी नव्हती, गिऱ्हाईक नव्हतें. आमच्या पुतण्याचें प्रकरण व ग्रामोद्योग संघ यांची बरोबरी करूं लागलों तर लोक हंसतील, आणि तें योग्यच होईल. मला साम्य दिसतें तें निराळ्या ठिकाणीं. मगनवाडींत बसलेल्या कार्यकर्त्यापुढें रोज जे प्रश्न येत ते एका शास्त्रांत मावणारे नव्हते. हातसडीचा तांदूळ चांगला कीं गिरणींत घांसलेला? याचें उत्तर देण्यास आहारशास्त्र पाहिजे, सडण्याच्या साधनाची माहिती पाहिजे आणि बाजारभावाचा हिशेबही पाहिजे. गांधींनीं तांदूळ, पीठ, गूळ यांविषयीं डॉक्टरांचीं मतें मागविलीं आणि तीं 'हरिजन' पत्रांत छापलीं. घाण्याची सुधारणा झवेरभाई पटेल यांनीं केली. तोच पुढें 'वर्धा घाणी' म्हणून प्रसिद्ध झाला. हातकागद, मधमाशा, ताडाचा गूळ, वनस्पतितेलावर जळणारा दिवा, असे कितीतरी प्रयोग त्या आवारांत चालत. एका कोपऱ्यांत कागदाचा लगदा कालविणारा माणूस आणि दुसऱ्या कोपऱ्यांत घाण्याचा बैल फिरविणारा माणूस हे जेवायला एकाच ठिकाणीं बसत, याचाही कांहीं परिणाम होत असेलच. गांवोगांवच्या प्रतिनिधींसाठीं 'ग्राम उद्योग पत्रिका' निघे. एकानें मिळविलेलें ज्ञान दुसऱ्या प्रांतांतील माणसाला तिच्यामुळें पोहोंचे. १९३८ च्या ३० डिसेंबरला गांधींच्या हस्तें मगन संग्रहालय उघडलें. तें आजही वर्ध्यांत आहे, आणि मगनवाडीच्या आवारांत सध्यां ग्रामीण औद्योगिकीकरणाची सरकारी संस्था चालते.

कुमारप्पांसारखा विद्वान, परदेशांत शिकलेला माणूस चिटणीस असतांनाही रसायनाचा प्रश्न आला तर रसायनशास्त्र्याला विचारावयाचें, ही व्यवस्था संघ स्थापन करतांनाच झाली होती. आमच्या पुतण्यानें तीन आठवडे गिरणी बंद पाडून जी गोष्ट शिकून घेतली, ती येथें पहिल्याच दिवशीं कागदावर होती. थोरल्या बंधूंना मीं हें सांगितलें तेव्हां ते कांहीं वेळ बोलले नाहींत, मग म्हणाले, "तीं माणसें निराळीं होतीं." होतीं खरीं.

म्हणून मीं साध्या, पोट भरणाऱ्या व्यावसायिकांकडे वळलों. अभियंत्यांची 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स' ही संस्था १९२० सालची, आणि तिचें नागपुरास केंद्र आहे. हिशेबनिसांचें उदाहरण तर फारच बोलकें आहे. १९४९ च्या १ जुलैस कायद्यानें चार्टर्ड अकाउंटंटांची संस्था अस्तित्वांत आली. तिचें सभासदत्व ज्यास व्यवसाय करावयाचा त्यास घ्यावेंच लागतें. तरीही त्याच वर्षीं मुंबईंतील हिशेबनिसांनीं आपखुषीनें आणखी एक सोसायटी काढली, ती आजतागायत चालू आहे, आणि तिच्या अभ्यासमंडळांत लोक संध्याकाळीं काम आटोपून जातात. कायद्याची सक्ती नसतां चढाओढ करणारीं माणसें इतकीं वर्षें एकत्र बसत असतील, तर त्यांत त्यांचा कांहीं तरी नफा असलाच पाहिजे.

हा नफा कोणता? शंका विचारण्याची सोय मीं वर सांगितलीच. दुसरी गोष्ट कामाची देवघेव. ज्याला दोन कामें एकदम आलीं तो एक दुसऱ्यास देतो. ज्याच्या आवांक्याबाहेरचें काम आलें तो तें योग्य माणसाकडे पाठवितो, आणि पुढें कधीं तरी तिकडून परत कांहीं येतें. गिऱ्हाइकें पळविण्याचें भय अगदींच खोटें नाहीं, पण ज्याला विजेचें काम येतें तो यंत्राचें गिऱ्हाईक पळवून करणार काय? तिसरी गोष्ट फीची. एकटा माणूस आपली फी भीत भीत सांगतो. बहुधा कमीच सांगतो. समव्यवसायी लोकांत चार वेळां बसलें म्हणजे कोणत्या कामास किती दिवस लागतात आणि करारपत्रांत कोणतें कलम विसरूं नये, हें कळूं लागतें.

बाकी राहिलेल्या फीविषयीं एक उपयुक्त गोष्ट पुतण्यास त्या वयस्क अभियंत्यांनींच सांगितली. २००६ सालच्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्याखालीं सेवा देणारा लहान व्यावसायिकही येतो. उद्यम नोंदणी सरकारच्या संकेतस्थळावर फुकट होते. नोंदलेल्या व्यावसायिकाचें काम स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत, न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दरानें मासिक चक्रवाढ व्याज लागतें, आणि दाद मागण्यासाठीं राज्यांत फॅसिलिटेशन कौन्सिल आहेत. नोंदणी काम हातीं घेण्यापूर्वींच झालेली असावी. डाळीच्या गिरणीच्या वेळीं आमची ती नव्हती, आणि असती तरी आमच्या चुकीपुढें ती कितपत उपयोगी पडली असती हा प्रश्नच आहे.

एका गोष्टीचा विचार मात्र एकत्र कुटुंबानें विशेष करावा. दुकान असेल तर एक भाऊ आजारी पडतांच दुसरा फळ्या काढून गादीवर बसतो. शेती असेल तर चुलते पाहतात. परंतु माडीवरच्या त्या खोलींतलें अर्धवट राहिलेलें काम घरांतील एकाही माणसाला पुढें नेतां येत नाहीं. आम्ही सर्वांनीं मिळून तो नकाशा उलटा धरला असता. पुतण्याला मध्यंतरीं डेंग्यूनें तीन आठवडे अंथरुणावर पाडलें, तेव्हां गिऱ्हाइकांचे दूरध्वनि वहिनी घेत होत्या आणि "बरा झाला कीं कळवूं" याखेरीज त्यांच्याजवळ उत्तर नव्हतें. त्या वेळीं ज्याच्या हातीं काम सोंपवावें असा एखादा व्यवसायबंधु असता तर घरास फार बरें वाटलें असतें.

सर्वच मंडळें अशीं उपयोगीं असतात असें मात्र समजूं नये. कांहीं ठिकाणीं भारी वर्गणी घेऊन नांवापुढें लावण्यास चार अक्षरें देतात आणि वर्षांतून एकदां मोठ्या हॉटेलांत जेवण घालतात. कांहीं मंडळांत प्रत्येकानें आठवड्यास अमुक गिऱ्हाइकें दुसऱ्यास दिलींच पाहिजेत असा नियम असतो. मग माणूस ज्याचें काम पाहिलेलें नाहीं त्याचीही शिफारस करूं लागतो. हें मला घातक वाटतें. सल्लागाराजवळ विकण्यासारखी वस्तु एकच, आणि ती म्हणजे त्याचा शब्द. सभासद होण्यापूर्वीं एक-दोन सभांना पाहुणा म्हणून जावें, आणि तेथें कोणी आपली फसलेली गोष्ट उघडपणें सांगतो का, इकडे कान द्यावा. जेथें सर्वांचींच कामें यशस्वी झालेलीं असतात तेथून जेवून परत यावें.

आमच्या पुतण्यानें तसेंच केलें. पहाटेच्या गाडीनें नागपुरास गेला, सभेच्या शेवटच्या रांगेंत बसला. तेथें एका नामांकित गृहस्थांनीं स्वतः बांधलेल्या गोदामाच्या छताला तडा कां गेला हें अर्धा तास फळ्यावर काढून दाखविलें. दुसऱ्या सभेंत पुतण्यानें उठून डाळीच्या गिरणीची हकीकत सांगितली. परत येतांना दोघांचे पत्ते आणि एका लहानशा कामाचें बोलणें घेऊन आला.

थोरले बंधु अद्यापि म्हणतात कीं, पाहूं या. वहिनींनीं मात्र वर्गणीचे पैसे घरखर्चाच्या वहींत टिपले. मीं सहज पाहिलें तर ते त्यांनीं मुलांच्या शाळेच्या फीखालीं, शिक्षण या सदरांत लिहिले होते.