आम्ही मोठा टीव्ही घेतो

नवा टीव्ही घ्यायचा ठराव आमच्या घरात प्रथम कोणी मांडला, याविषयी आता एकमत राहिलेले नाही. पुण्याचे चिरंजीव म्हणतात, बाबांनी मांडला. सौ. म्हणते, तुम्ही बापलेकांनी मिळून मांडलात आणि मला दुसऱ्या दिवशी कळवलेत. ठरावाचे कारण मात्र तिघांनाही मान्य आहे. कारण होती आमची माय. वय 82, दात स्वतःचे, आवाज खणखणीत. गेली काही वर्षे ती टीव्हीसमोर बसली, की डोळे बारीक करी, मान तिरकी करी आणि म्हणे, "काही दिसत नाही बाप्पा याच्यात. लहान आहे हा डबा."

गाव आमचे हसनाबाद, तालुका भोकरदन. 1 मे 1981 ला जालना जिल्हा वेगळा झाला, तोवर आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातले. मी येथल्या शाळेत गणित शिकवीत असे. आता निवृत्त आहे. तीन एकर कपाशी आहे. ती सांभाळतो म्हणण्यापेक्षा तिच्याकडे जाऊन उसासे टाकतो म्हणणे अधिक खरे.

आता मायच्या जागेविषयी सांगितले पाहिजे, कारण सारी गोष्ट त्या जागेभोवती फिरते. मुंबईला दूरदर्शन आले 2 ऑक्टोबर 1972 ला. आमच्या गल्लीत ते पोचायला पुढची पंधरा वर्षे जावी लागली. आमच्या अण्णांनी कापसाच्या पैशातून 14 इंची काळापांढरा संच आणला तो 1987 च्या आरंभी, आणि 25 जानेवारीच्या रविवारी 'रामायण' सुरू झाले. घरावर उंच लोखंडी पाइप, त्यावर अँटेना, आणि पडद्यावर राम कमी अन् मुंग्या जास्त! तरी सकाळी साडेनऊला आमच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. चपलांचा ढीग ओसरीवर, पोरे पुढे, म्हातारी माणसे भिंतीला टेकून. कोणी येताना उदबत्ती घेऊन येई. या गर्दीत घरच्या मालकिणीला बसायला जागा उरली ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. तेथून उठून पाणी देता येई, चहाचे आधण पाहता येई आणि मान वळवली की रामही दिसे.

31 जुलै 1988 ला ती मालिका संपली. हळूहळू घरोघरी संच आले, गर्दी ओसरली. पण मायची जागा काही बदलली नाही. आम्ही खुर्ची दिली, पुढे सतरंजी घातली. ती आपली उंबऱ्यावर. "इथून मला दूध पण दिसतं," हे तिचे उत्तर.

काळ्यापांढऱ्याचा रंगीत झाला, 2003 साली 29 इंची धूड आले. ते उचलायला चार गडी लागले होते. 2014 ला ते गेले आणि भिंतीवर 32 इंची चपटा संच आला. 29 चे 32 झाले, म्हणून आम्ही पेढे वाटले. पुढे 2020 च्या टाळेबंदीत 28 मार्चपासून 'रामायण' पुन्हा दाखवू लागले, तेव्हा माय उंबऱ्यावरून म्हणाली, "राम काहून बारीक झाला रे?" आम्ही सगळे हसलो. सगळ्यात जास्त मी हसलो, हे येथे नमूद केले पाहिजे.

मोठ्या संचाची चर्चा ऐन रंगात आली ती 2025 च्या सप्टेंबरात. त्या महिन्यात मराठवाड्यात पाऊस कसा कोसळला, हे वाचकांना सांगायला नको. आमच्या कपाशीत गुडघाभर पाणी होते. बोंडे झाडावरच काळी पडली. आणि नेमक्या त्याच महिन्यात, 22 तारखेपासून, 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. म्हणजे ज्याची मूळ किंमत 20,000, तो 25,600 ऐवजी 23,600 ला. चिरंजीवांनी फोनवर हा हिशेब मला ऐकवला. सौ. शेजारीच उभी होती. ती एवढेच म्हणाली, "शेतात पाणी आणि घरात टीव्ही! लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील, हा प्रश्न खेड्यात खोटा नसतो. ज्यांची सोयाबीन वाहून गेली ते शेजारी दारावरूनच जातात. खोके त्यांच्या डोळ्यांदेखत घरात न्यायचे? मी दोन रात्री विचार केला. माझे निवृत्तिवेतन चालू आहे, त्यांना ते नाही. पण मायचे 82 वे वर्षही चालू होते. शेवटी हप्त्यांवर घ्यायचे ठरले. खोके संध्याकाळी उशिरा आणावे, ही सौ.ची अट.

खरेदीपूर्वी मी फूटपट्टी घेऊन बसलो. शिक्षकाची खोड! टीव्हीचे इंच म्हणजे रुंदी नव्हे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा कर्ण. जुन्या संचाचा पडदा चारास तीन या प्रमाणाचा, म्हणजे पायथागोरसचा आपला ओळखीचा 3, 4, 5 चा त्रिकोण. नवे पडदे सोळास नऊ, म्हणजे आडवे पसरलेले. 32 इंची नव्या पडद्याची उंची भरते 15.7 इंच. त्यात जुन्या प्रमाणाचे चित्र बसवले, तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि चित्राचा कर्ण उरतो 26 इंच. ताणून पट्ट्या घालवल्या, तर सगळीच पात्रे अंगाने सुटतात. आमचा जुना 29 इंची संच कडा चौकटीत दडल्यामुळे प्रत्यक्षात 27 इंच दिसे. 27 चे 26! म्हणजे पाच वर्षांपूर्वी माय म्हणाली ते अक्षरशः खरे होते; राम इंचभर बारीक झाला होता आणि आम्ही पेढे वाटून बसलो होतो. मी हे तिला सांगितले. ती म्हणाली, "मग मी काय खोटं बोलत होते?"

दुसरा हिशेब अंतराचा. पडद्याच्या कर्णाच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट अंतरावर बसावे, असे जाणकार सांगतात. 43 इंची संचाला साडेपाच-सहा फूट झाले. उंबरा टीव्हीपासून किती? मी टेप धरला : चौदा फूट. या हिशेबाने मायला 105 इंची टीव्ही हवा. त्याची रुंदी साडेसात फुटांहून अधिक, तो आमच्या दारातून आत येणार नाही. टीव्ही तीनपट मोठा करण्यापेक्षा मायला आठ फूट पुढे सरकवणे स्वस्त, हे गणिताने सिद्ध झाले. पण गणिताने माय सरकत नाही. शेवटी भिंत आणि खिसा पाहून 43 वर तडजोड झाली.

जालन्याच्या दुकानात ओळीने लावलेल्या पडद्यांवर निळे मासे पोहत होते, फुले उमलत होती. पाकळीवरचा थेंब मोजून घ्यावा इतका स्वच्छ. दसऱ्याला, 2 ऑक्टोबरला, तो संच आमच्या भिंतीवर चढला आणि छत्रीवरचे नेहमीचे वाहिनीचे चित्र लागताच सौ. म्हणाली, "अहो, दुकानातला दुसरा होता!" तसे नव्हते. त्या पडद्यावर 3,840 गुणिले 2,160, म्हणजे 83 लाखांच्या घरात ठिपके असतात. आपल्या साध्या वाहिनीचे चित्र 720 गुणिले 576, जेमतेम सव्वाचार लाखांचे. एका ठिपक्याचे वीस करायचे, म्हणजे पाव लिटर दुधात पंक्तीला चहा. नवा टीव्ही घेणाऱ्यांनी दुकानात मासे पाहू नयेत. घरी जी वाहिनी पाहता, तीच लावायला सांगावी.

पण खरा निकाल उंबऱ्यावरून यायचा होता. सगळे वळून पाहू लागले. माय बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "मोठा आहे. पण धुकं तेवढंच आहे."

मी म्हटले, "कसलं धुकं?"

"असतं ना सकाळी नदीवर, तसं. चुलीच्या धुरासारखं. म्हातारपणी असतंच."

मी तिला हाताला धरून उठवले आणि पडद्यासमोर तीन फुटांवर बसवले. "आता कोण दिसतंय?" ती गप्प. पडद्यावरची बाई बोलली तशी मायने लगेच तिचे नाव, तिची सासू, तिचे भांडण, सगळे सांगितले. तिने पुन्हा तोंड मिटले, की माय गप्प! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. किती दिवस, कोण जाणे, माय टीव्ही पाहतच नव्हती, ऐकत होती. आम्हालाही ती आवाजावरून ओळखत होती. दारात कोणी आले की "कोण आहे?" विचारी, ती चौकशी नव्हती. डाळीतले खडे ती बोटांनी टिपत होती, आणि आम्ही म्हणत होतो, माय अजून किती बारीक निवडते!

जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिले आणि मलाच विचारले, "इतके दिवस काय करत होता?" दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पुरते पिकलेले. बाहुलीमागचे नैसर्गिक भिंग वयाने गढूळ होते. ते कोणत्याही थेंबांनी निवळत नाही. काढून तेथे कृत्रिम भिंग बसवावे लागते. लंडनमध्ये हॅरल्ड रिडले यांनी असे भिंग पहिल्यांदा बसवले ते 1949 साली. महायुद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पारदर्शक प्लॅस्टिकचे कण रुतून राहिले, तरी डोळा चिडला नाही, हे पाहून त्यांना ती कल्पना सुचली. मायला मी ही हकीकत सांगितली. ती म्हणाली, "माझ्या डोळ्यात विमान घालू नका म्हणजे झालं."

एक डोळा थंडीत झाला, दुसरा संक्रांतीनंतर. दर खेपेस अर्धा तास लागला नाही. नंतर महिनाभर थेंब घालण्याचे काम मात्र चोख करावे लागले. पिवळसर झालेले भिंग निघाले की निळा रंग एकदम उजळतो, हे डॉक्टरांनी सांगितलेच होते. पट्टी निघाल्यावर घरी येताना माय सारा रस्ता आभाळाकडे पाहत होती.

घरी आल्यावर तिने प्रथम पाहिली ती भिंत. "सूनबाई, कोळिष्टकं केवढी ही! आणि हा रंग कधीचा?" सौ.ने माझ्याकडे पाहिले. मग माय स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून आली, तांब्या घासायला काढला आणि परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या तोंडावरून हात फिरवला. हा हात ओळखण्यासाठी नव्हता. म्हणाली, "तू कधी म्हातारा झालास रे?"

यावर मला काही सुचले नाही. सौ. चहा टाकायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

संध्याकाळी माय उंबऱ्यावर बसली. चौदा फुटांवर पडदा. मालिका लागली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्या पोरीच्या तोंडावर केवढा थर फासलाय! आणि इतका मोठा कशाला घेतला टीव्ही? आधीचा चांगला होता की."

आधीचा माळ्यावर आहे. नव्याचे दोन हप्ते अजून बाकी आहेत.