स्वस्त डिजिटल ऑसिलोस्कोप आणि फर्मवेअर अपडेट: कधी करावं, कधी करू नये



अलीकडे बऱ्याच शाळांत इलेक्ट्रॉनिक्सचं साहित्य येऊ लागलं आहे. कुठे अटल टिंकरिंग लॅबमधून, कुठे लोकवर्गणीतून, तर कुठे एखादा माजी विद्यार्थी भेट देऊन जातो. त्या खोक्यात बऱ्याचदा एक छोटा डिजिटल ऑसिलोस्कोप असतो. मुलांना तो फार आवडतो, कारण पुस्तकात काढलेली ध्वनीची लहर इथे पडद्यावर हलताना दिसते.

चार दिवसांनी तक्रारी सुरू होतात. "बाई, काहीच जोडलं नाही तरी रेघ वर दिसतेय." "बाई, काल पाच व्होल्ट दाखवत होता, आज पन्नास दाखवतोय." मग कोणीतरी सांगतं, "फर्मवेअर अपडेट करून टाका, सगळं नीट होईल."

हा सल्ला काही वेळा अगदी बरोबर असतो आणि काही वेळा त्यामुळे चालू यंत्र कायमचं बंद पडतं. वर्गणीतून आलेली वस्तू बंद पडली तर पुन्हा गावापुढे हात पसरणं सोपं नसतं. म्हणून बटण दाबण्याआधी विषय समजून घेऊ.

फर्मवेअर म्हणजे काय?

ऑसिलोस्कोप विजेचा दाब वेळेनुसार कसा बदलतो याचा आलेख काढतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर व्होल्ट. जुन्या ऑसिलोस्कोपमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत त्या दाबामुळे थेट वरखाली व्हायचा. डिजिटल यंत्रात तसं नसतं. आतली चिप ठरावीक वेळाने व्होल्टेज मोजते, तो आकडा साठवते आणि मग एक प्रोग्रॅम त्या आकड्यांवरून पडद्यावर चित्र काढतो. चिपच्या कायमस्वरूपी स्मृतीत बसवलेला हा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर.

म्हणजे आपल्याला दिसते ती प्रत्यक्ष लहर नसते. आकडे घेऊन प्रोग्रॅमने काढलेलं ते चित्र असतं. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आधी दोष कुठला ते ओळखा

स्वस्त यंत्राच्या खोड्या तीन प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार: सेटिंगच्या खोड्या. पाचाचे पन्नास दिसणं हे याचं नेहमीचं उदाहरण. प्रोबवर १× आणि १०× असा एक छोटा खटका असतो. १०× वर प्रोब आत येणारा दाब दहापट कमी करतो आणि यंत्र त्याला दहाने गुणून दाखवतं. पण यंत्राच्या मेनूत १०× आणि प्रोबवर १× राहिलं, तर पाचाचे पन्नास होणारच. यात बिघाड कसलाच नाही.

काही न जोडता रेघ वर दिसणं हेही बऱ्याचदा याच प्रकारात येतं. डीएसओ-१३८ हे किट अनेक शाळांत दिसतं. त्यात इनपुटचा खटका जीएनडी वर ठेवायचा, उभी जागा दाखवणारी खूण निवडायची आणि ओके बटण दोन-तीन सेकंद दाबून धरायचं. रेघ शून्यावर येते. मोठ्या यंत्रांत यासाठी सेल्फ-कॅलिब्रेशनची सोय असते. ते करताना सगळे प्रोब काढून ठेवायचे आणि यंत्र आधी अर्धा तास चालू ठेवून गरम होऊ द्यायचं.

दुसरा प्रकार: यंत्राच्या मर्यादा. डीएसओ-१३८ सेकंदाला जास्तीत जास्त १० लाख वेळा मोजतो आणि सुमारे २०० किलोहर्ट्झपर्यंतच्या लहरी दाखवतो. त्याहून वेगवान लहर जोडली तर ती बुटकी दिसते आणि चौकोनी लहरीचे कोपरे गोल होतात. हे फर्मवेअर बदलून सुधारत नाही. दुधाच्या मापाने तेल मोजा नाहीतर पाणी, माप तेवढंच राहतं.

लहर पायऱ्यापायऱ्यांची दिसते, तेही बघा. बऱ्याच स्वस्त यंत्रांत ८ बिटचं मापन असतं, म्हणजे उभ्या उंचीचे फक्त २५६ भाग. उभे ८ चौकोन असतील आणि एका चौकोनाला ५ व्होल्ट ठेवले, तर ४० व्होल्टचे २५६ भाग होतात. एक पायरी साधारण ०.१६ व्होल्टची. मग ०.१ व्होल्टचा बदल कसा दिसणार? एका चौकोनाला कमी व्होल्ट ठेवा, पायऱ्या बारीक होतील. सातवी-आठवीच्या मुलांना हा भागाकार करायला द्या. दशांश अपूर्णांक कशाला शिकायचे, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारत नाही.

तिसरा प्रकार: फर्मवेअरचे खरे दोष. मेनू अडकणं, आकडा चुकीचा छापणं, साठवलेलं चित्र न उघडणं, ट्रिगर लावूनही रेघ थरथरणं. अपडेटचा उपयोग असेल तर तो इथे.

एक गाजलेलं उदाहरण

चीनच्या रिगॉल कंपनीचा डीएस१०५४झेड हा चार चॅनेलचा ऑसिलोस्कोप हौशी लोकांत खूप लोकप्रिय झाला. २०१५ मध्ये त्याच्या एका दोषाची मोठी चर्चा झाली. ट्रिगरच्या जागी लहर स्थिर दिसायची, पण तिथून काही मायक्रोसेकंद पुढे जाऊन पाहिलं की ती थरथरायची. ऑस्ट्रेलियातले इलेक्ट्रॉनिक्स अभियंता डेव्ह जोन्स यांनी आपल्या ईईव्हीब्लॉगवर हा दोष उघडपणे मांडला. यंत्रातलं 'घड्याळ', म्हणजे मोजण्याचे ठोके देणारा भाग, नीट स्थिर होत नव्हता. कंपनीने पुढे फर्मवेअरमधून त्या घड्याळाच्या चिपची सेटिंग बदलली आणि थरथर गेली.

इथे दोष हार्डवेअरचा वाटत होता, तरी फर्मवेअरने सुटला, कारण ती चिप प्रोग्रॅमच्या आज्ञेवर चालत होती. आता याच यंत्राची दुसरी बाजू पाहा. एक चॅनेल चालू असताना ते सेकंदाला १०० कोटी वेळा मोजतं, दोन चालू केले की प्रत्येकी ५० कोटी आणि तीन किंवा चार चालू केले की प्रत्येकी २५ कोटी. मोजणारा एकच, वाटेकरी चार. ही वाटणी कुठल्याही अपडेटने बदलत नाही. म्हणून न वापरलेले चॅनेल बंद ठेवायची सवय मुलांना लावा.

खोटी लहर आणि हजेरीपत्रक

सगळ्यात जास्त फसवणारी खोडी एलियासिंगची. ती शिक्षकांना हजेरीवरून पटकन कळेल.

समजा, आपण आठवड्यातून एकदाच हजेरी घेतली आणि तीही नेमकी बाजाराच्या दिवशी. आईवडिलांबरोबर बाजाराला जाणारा मुलगा वर्षभर गैरहजर दिसेल. कोणी खोटं लिहिलेलं नाही, खाडाखोड नाही, तरी चित्र साफ चुकीचं. कारण आपण पुरेशा वेळा पाहिलंच नाही.

ऑसिलोस्कोपचंही असंच होतं. समजा, यंत्रात १,००० आकड्यांची जागा आहे. पडद्यावर आडवे १० चौकोन आहेत आणि एक चौकोन १० मिलिसेकंदांचा ठेवला आहे. म्हणजे १०० मिलिसेकंदांत १,००० मोजण्या, सेकंदाला १०,०००. आता १०,१०० हर्ट्झची लहर जोडली, तर प्रत्येक मोजणी लहरीच्या थोड्या पुढच्या जागी पडते आणि पडद्यावर १०० हर्ट्झची सुंदर, गुळगुळीत लहर दिसते. ती खोटी असते, पण खरीसारखीच दिसते.

ओळखायचं कसं? चौकोनाची वेळ निम्मी करा. लहर खरी असेल तर ती दुप्पट रुंद दिसेल आणि तिची वारंवारता तीच राहील. वारंवारताच बदलली किंवा लहर विस्कटली, तर संशय घ्या. चौकोनाची वेळ कमी करत जा म्हणजे खरी लहर सापडेल. नवीन फर्मवेअर शोधत बसू नका.

अपडेट करताना नेमकं काय होतं?

यंत्रानुसार याच्या तीन पद्धती आहेत आणि धोका प्रत्येकीत वेगळा आहे.

१) पेन ड्राइव्हवरून. मोठ्या यंत्रांत कंपनीची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन यंत्राला लावतात. पेन ड्राइव्ह बहुतेक वेळा फॅट३२ प्रकारात फॉरमॅट केलेला लागतो. मधेच वीज गेली तर जुनं पुसलेलं आणि नवं अर्धवट, अशी अवस्था होऊ शकते. आपल्याकडचं भारनियमन लक्षात घेऊन हे काम इन्व्हर्टरवरच करा.

२) थेट चिपमध्ये. डीएसओ-१३८ मध्ये एसटीएम३२ ही मायक्रोकंट्रोलर चिप आहे. अपडेटसाठी बोर्डावरचे दोन जंपर सोल्डरने जोडायचे, ३.३ व्होल्टचा यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर लावायचा आणि संगणकावरून प्रोग्रॅम उतरवायचा. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. मूळ प्रोग्रॅम कोणी वाचून कॉपी करू नये म्हणून चिपला कुलूप लावलेलं असतं. ते कुलूप काढलं की चिप आतला सगळा प्रोग्रॅम स्वतःच पुसते. म्हणजे जुन्याची प्रत आधी काढून ठेवता येत नाही आणि एकदा पुसल्यावर तो परत आणता येत नाही. त्यातून या किटच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत. मूळ कंपनीचं फर्मवेअर नकलेवर चालेल याची हमी नाही. किट अस्सल आहे याची खात्री नसेल आणि ते बरं चालत असेल, तर त्याला हात लावू नका.

३) दर वेळी नव्याने. हानटेक ६०२२बीई हा संगणकाला जोडायचा ऑसिलोस्कोप. त्यातली चिप फर्मवेअर कायमचं साठवत नाही, यूएसबी जोडल्यावर संगणक दर वेळी तिच्यात ते भरतो. त्यामुळे इथे प्रयोग करायला भीती कमी. काही चुकलं तर केबल काढून पुन्हा लावायची. यासाठी ओपनहानटेक६०२२ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर मिळतं.

अपडेटपूर्वी पाच प्रश्न

- नेमका कुठला दोष घालवायचा आहे? एका वाक्यात सांगता येत नसेल तर थांबा.
- नव्या आवृत्तीच्या माहितीत त्या दोषाचा उल्लेख आहे का?
- मॉडेल आणि हार्डवेअरची आवृत्ती तंतोतंत जुळते का? नावात एका अक्षराचा फरक असला तरी यंत्र वेगळं असू शकतं.
- सध्याच्या आवृत्तीचा क्रमांक वहीत लिहून ठेवला का? पडद्याचा फोटो काढला तरी चालेल.
- जुन्या आवृत्तीकडे परत जाता येईल का?

पाचही उत्तरं समाधानकारक असतील तरच पुढे जा. अपडेट झाल्यावर सेल्फ-कॅलिब्रेशन करा आणि आधीचीच चाचणी पुन्हा घेऊन तुलना करा.

वर्गातली कृती: यंत्राची परीक्षा

बहुतेक ऑसिलोस्कोपवर चाचणीसाठी १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर देणारी जागा असते. डीएसओ-१३८ वरही ती आहे. प्रोब तिथे लावा. १ किलोहर्ट्झ म्हणजे एका लहरीला १ मिलिसेकंद. एका चौकोनाला ०.५ मिलिसेकंद ठेवलं तर एक लहर दोन चौकोनांत बसायला हवी. मुलांना आधी अंदाज वहीत लिहू द्या, मग मोजू द्या. लहरीचे कोपरे टोकदार किंवा गोल दिसले तर छोट्या स्क्रूड्रायव्हरने ट्रिमर फिरवून ते काटकोनी करा. मोठ्या यंत्रात हा ट्रिमर प्रोबवर असतो, डीएसओ-१३८ मध्ये बोर्डावर. मग एका वेळी एकच गोष्ट बदला: प्रोबचा खटका, एका चौकोनाची वेळ, एका चौकोनाचे व्होल्ट. प्रत्येक वेळी विचारा, "बदललं ते काय? लहर की चित्र?" या प्रश्नावर मुलं फार छान भांडतात. भांडू द्या.

सुरक्षेबद्दल, स्पष्टच

घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनला शाळेतला ऑसिलोस्कोप कधीही जोडू नये. २३० हा परिणामी आकडा आहे, लहरीचं टोक ३२५ व्होल्टपर्यंत जातं. डीएसओ-१३८ ची मर्यादा ५० व्होल्ट आहे. शिवाय सॉकेटवर चालणाऱ्या ऑसिलोस्कोपची काळी क्लिप आतून अर्थिंगला जोडलेली असते. ती फेजला लागली तर थेट शॉर्टसर्किट होतं. लॅपटॉपला जोडलेल्या यंत्रात हाच धोका लॅपटॉपला आणि मुलाच्या हाताला. यावर कोणतंही फर्मवेअर संरक्षण देत नाही. बॅटरी, छोटा माइक, अर्डुइनो एवढंच साहित्य शाळेला पुरेसं आहे.

अजून खरेदी केली नसेल तर नवी दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने शिक्षणासाठी तयार केलेलं एक्सपआईज हे साधनही बघा. त्याचं सॉफ्टवेअर मोफत आणि खुलं आहे. एक्सपआईज-१७ वर ऑसिलोस्कोपबरोबर माइकची सोयही आहे, त्यामुळे ध्वनीच्या पाठाला ते सरळ उपयोगी पडतं.

पालकांना एक विनंती. मूल घरी येऊन म्हणालं, "मशीन चुकीचं दाखवत होतं," तर "मशीन कसं चुकेल?" असं म्हणून विषय संपवू नका. "तुला कसं कळलं?" असं विचारा. थर्मामीटर, वजनकाटा, मोबाइलवरचा पावलांचा आकडा, सगळीकडे मधे एक मोजणारा आणि एक सांगणारा असतो. त्या दोघांना तपासून बघण्याची सवय मुलाला पाचवी-सहावीत लागली, तर ती पुढे आयुष्यभर उपयोगी पडेल.

तुमच्या शाळेत ऑसिलोस्कोप असेल तर या आठवड्यात चौकोनी लहरीची चाचणी घेऊन बघा. अपडेटचं नंतर ठरवू.