गिरगावातला काचेच्या छपराचा स्टुडिओ

जुन्या मुंबईचे फोटो जमवणाऱ्यांना फोटोग्राफर हरिश्चंद्र चिंतामण हे नाव नवं नाही. पण त्यांच्याबद्दल बोलणं निघतं ते बहुधा फोटोतल्या माणसांपुरतं. तो फोटो काढायला जागा कशी लागत असेल, सामान काय लागत असेल, याची विचारपूस फारशी होत नाही.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात असा. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली; डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. 1855 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये क्रॉफर्ड यांच्या हाताखाली फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र त्याच वर्गाचे विद्यार्थी. 1858 च्या सुमारास त्यांनी स्वतःचा धंदा मांडला आणि 1867 च्या पॅरिस प्रदर्शनापर्यंत त्यांचं काम पोहोचलं.

त्यांच्या स्टुडिओचा उल्लेख मात्र अगदी भलत्याच ठिकाणी सापडतो, तो थिऑसॉफीच्या इतिहासात. थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक कर्नल ऑल्कॉट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की 16 फेब्रुवारी 1879 रोजी मुंबईत उतरले. त्यांची व्यवस्था हरिश्चंद्रांनी केली होती, कारण तेव्हा ते मुंबईच्या आर्य समाजाचे प्रमुख होते आणि ऑल्कॉट यांचा त्यांच्याशी पत्रव्यवहार होता. 'ओल्ड डायरी लीव्ह्ज' या आठवणींत ऑल्कॉट लिहितात की, त्यांना राहायला दिलेलं गिरगाव बॅक रोडवरचं छोटं घर हरिश्चंद्रांचंच होतं आणि त्याला लागून त्यांचा काचेच्या छपराचा स्टुडिओ होता.

एवढ्या एका तपशिलातून सगळी मांडणी उलगडते. त्या काळी स्टुडिओचं खरं भांडवल कॅमेरा नव्हता, उजेड होता. काचेवर कोलोडियन हा चिकट द्रव ओतायचा, ती काच अंधाऱ्या खोलीत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत डेव्हलप करायची. कोलोडियनमधलं इथर मुंबईच्या उकाड्यात भराभर उडून जाई, म्हणून डार्करूम दोन पावलांवरच हवी. गिऱ्हाइकाला काही सेकंद निश्चल बसवायचं, तर मानेमागे लोखंडी टेकू हवा. वरून येणारं ऊन सरकत्या पडद्यांनी आवरायचं, नाहीतर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडत. शिवाय छपाईसुद्धा उन्हातच: अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद काचेला भिडवून चौकटी बाहेर मांडून ठेवायच्या. पावसाळी आभाळ भरून आलं की फोटो काढणं आणि छापणं, दोन्ही अडत.

पाहुणचार फार दिवस टिकला नाही. हरिश्चंद्रांनी पाहुण्यांच्या हातात बिल ठेवलं: भाडं, जेवण, नोकर, घराची डागडुजी, एवढंच काय, स्वागत समारंभासाठी आणलेल्या 300 खुर्च्यांचं भाडंसुद्धा! मग दुसरंच प्रकरण बाहेर आलं. आर्य समाजासाठी अमेरिकेहून हरिश्चंद्रांच्या हाती पाठवलेले सहाशेहून अधिक रुपये समाजापर्यंत पोहोचलेच नव्हते. भर सभेत वाद झाला, पैसे परत करण्याचं कबूल करावं लागलं, आणि ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या चरित्रांत हरिश्चंद्रांवर लबाड असा शिक्का कायमचा बसला.

सहाशे रुपयांचं समर्थन होऊ शकत नाही. बिलाची गोष्ट वेगळी. काच, रसायनं, चांदीचे क्षार आणि लेन्स, सगळं पदरच्या पैशानं उभं करून वर्षानुवर्षं स्टुडिओ चालवणाऱ्या माणसाला प्रत्येक खुर्चीचा हिशेब ठेवण्याची सवय असणारच. याच माणसानं 1874 मध्ये लंडनहून गीतेवर इंग्रजी भाष्य छापलं होतं आणि बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांचा प्रतिनिधी म्हणूनही काम केलं होतं. एका भांडणावरून त्याची सगळी कारकीर्द मोजणं अन्यायाचं आहे.

मराठी घरांतल्या जुन्या अल्बमांत त्या काळचे फोटो अजून असतील. ते पुठ्ठ्यावरून सोडवून नव्या फ्रेममध्ये घालू नयेत. मागच्या बाजूला छापलेलं नाव आणि पत्ता यांवरून कुठला स्टुडिओ कधी कुठे होता हे ठरवता येतं, आणि उभ्या माणसाच्या टाचेमागे नीट पाहिलं तर पुष्कळदा त्या लोखंडी टेकूचा पायही सापडतो.