कस्टमला न दिसणारा माल

भारतातून होणारी आयटी सेवांची निर्यात आज वर्षाला सुमारे 200 अब्ज डॉलरच्या घरात आहे. ती का वाढली, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : स्वस्त पगार आणि इंग्रजी येणारी मुलं. मला हे उत्तर अपुरं वाटतं. या दोन्ही गोष्टी 1970च्या दशकातही होत्या. तेव्हा टीसीएस परदेशी कामं घेऊ लागली होती, मुंबईत सीप्झ हे निर्यातीसाठीचं क्षेत्र उभं राहिलं होतं, तरी पुढची पंधराएक वर्षं निर्यात रांगतच राहिली. काम परदेशी पाठवायचं तर माणूस विमानात बसवावा लागे, नाहीतर प्रोग्रॅम टेपवर चढवून ती टेप कस्टममधून सोडवावी लागे.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने 1985 मध्ये बंगळूरला केंद्र काढलं आणि उपग्रहाची स्वतंत्र जोडणी मिळवली. ही सोय छोट्या कंपन्यांच्या आवाक्यात आली ती एसटीपीआयमुळे. केंद्र सरकारच्या या संस्थेची स्थापना 1991ची. तिने डिश बसवल्या आणि 64 केबीपीएसच्या लाइन भाड्याने दिल्या. मोबाईलवरचा तीन एमबीचा फोटो अशा लाइनवरून जायला सहा मिनिटांहून जास्त वेळ लागेल. पण प्रोग्रॅमच्या ओळी पाठवायला तेवढी लाइन पुरत होती.

अडचण वेगळीच होती. तारेतून गेलेला माल कस्टमच्या अधिकाऱ्याला दिसणार कसा? त्यासाठी सॉफ्टेक्स फॉर्म आला. कोणाला, कोणतं काम, किती रकमेला विकलं हे कंपनीने लिहून द्यायचं आणि ते एसटीपीआयने प्रमाणित करायचं. करसवलती, रुपयाचं अवमूल्यन, 2000 साल उजाडण्याआधी संगणकांतल्या तारखा दुरुस्त करण्याची (वायटूकेची) घाई यांचाही हातभार लागलाच. तरी या साध्या फॉर्मचं मोल मला त्यांच्याइतकंच वाटतं.

मग घड्याळही कामी आलं. न्यूयॉर्कमधल्या बँकेने संध्याकाळी सहाला कळवलेली चूक पुण्यातली टीम सकाळी नऊला हातात घेते. इथे संध्याकाळ होते तेव्हा तिथे नुकतं उजाडलेलं असतं, आणि बँक उघडण्याआधी दुरुस्ती पोचलेली असते.

हे काम करणारी मुलं आली कुठून? महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी 1983 मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यांच्या दर्जावर आणि फीवर झालेली टीका रास्तच होती. पण त्यांतून बाहेर पडलेल्या मुलामुलींशिवाय पुण्याजवळची आयटी कंपन्यांची हिंजवडी भरली नसती.

2002 मध्ये आंतरराष्ट्रीय कॉलवरची विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली, दर कोसळले आणि कॉल सेंटर परवडू लागली.

उपग्रहाची जागा पुढे समुद्राखालच्या केबलनी घेतली. जानेवारी 2008 मध्ये इजिप्तजवळ अशा केबल तुटल्या, तेव्हा भारतातलं इंटरनेट अडखळलं आणि परदेशी ग्राहकांची कामं लांबली. अजूनही देशात येणाऱ्या बहुतेक केबल मुंबई आणि चेन्नई या दोनच शहरांत किनाऱ्याला लागतात. निर्यात आणखी वाढवायची असेल, तर नव्या करसवलतींच्या आधी किनाऱ्यावर आणखी दोन-चार ठिकाणी केबल उतरवायला हव्यात.