हुरड्याच्या मुलखात फॉन्ड्यू

शेगडीवर चीज वितळत ठेवायचं, लांब काट्याला पावाचा तुकडा टोचून त्यात बुडवायचा आणि चौघांनी एकाच भांड्यातून खायचं, हा स्वित्झर्लंडचा हिवाळी फॉन्ड्यू. कवठे महांकाळसारख्या तालुक्याच्या गावी तो घरी करायचा म्हटलं, की पहिला आक्षेप ठरलेला : ग्रुयेर चीज नाही, व्हाइट वाइन नाही, मग जे होईल त्याला फॉन्ड्यू कशाला म्हणायचं? माझं म्हणणं नेमकं उलट आहे. किराणा दुकानाच्या फ्रीजमधलं प्रोसेस्ड चीज हे फॉन्ड्यूचं भ्रष्ट रूप नव्हे. तंत्राने पाहिलं तर ते त्याचं सख्खं भावंड आहे, आणि जन्मालाच आलं ते उष्ण मुलखांसाठी.

अस्सलपणाचा दावा आधी तपासू. वाइनमध्ये चीज शिजवण्याची कृती 1699च्या झुरिचमधल्या एका पाककृतीसंग्रहात सापडते. झुरिच हे शहर. डोंगरातल्या गुराख्यांची परंपरा ही कथा नंतर रंगवलेली दिसते. ‘राष्ट्रीय पदार्थ’ हा मान तर फॉन्ड्यूला विसाव्या शतकात मिळाला. 1914मध्ये स्थापन झालेल्या स्विस चीज युनियनच्या हातात चीजचा बाजार होता. चीज खपवायला तिने 1930च्या दशकात फॉन्ड्यूचा जोरदार प्रचार केला. ही युनियन 1999मध्ये गुंडाळली गेली, पदार्थ मात्र टिकला. शिवाय प्रांतागणिक कृती बदलते. नशातेलमध्ये ग्रुयेर आणि एमेंटाल, तर फ्रीबुर्गमध्ये नुसत्या वाशरँ चीजचा फॉन्ड्यू, आणि तो चक्क पाण्यात करतात. वाइनशिवाय फॉन्ड्यू नाही, हे स्वित्झर्लंडलाच मान्य नाही.

मग वाइन करते काय? चीजमधल्या केसीन या प्रथिनाचे कण कॅल्शियममुळे एकमेकांना धरून असतात. चीज नुसतं तापवलं तर प्रथिनाचा चिवट गोळा होतो आणि तूप वेगळं सुटतं. वाइनमधलं टार्टारिक आम्ल त्या कॅल्शियमची पकड सैल करतं, आणि सोबत घातलेल्या पिठातला स्टार्च तुपाचे थेंब पुन्हा एकत्र येऊ देत नाही. झुरिचच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी 2019मध्ये फॉन्ड्यूचा दाटपणा मोजला, तेव्हा मिश्रण फाटू नये म्हणून 100 ग्रॅमला सुमारे 3 ग्रॅम स्टार्च लागतो असं त्यांना आढळलं. आता 1911कडे वळू. थुन गावी वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेट्लर यांनी एमेंटाल चीजमध्ये सोडियम सायट्रेट घालून ते वितळवलं. हेतू असा, की उष्ण देशांत पाठवलेलं चीज टिकावं. सायट्रेटनेही कॅल्शियमच धरलं, आणि प्रोसेस्ड चीज तयार झालं. ज्या कामासाठी फॉन्ड्यूत वाइन घालतात, ते काम या चीजमध्ये कारखान्यातच झालेलं असतं. म्हणून ते फाटत नाही. ग्रुयेरचा मुरलेला, खमंग वास त्याला नाही, हे मात्र मान्यच करायला हवं.

आंबटपणाची उणीव लिंबू भरून काढतं. त्यातलं सायट्रिक आम्ल कॅल्शियमवर टार्टारिकपेक्षाही भारी पडतं. इथे द्राक्षाच्या तालुक्यातल्या माणसाला एक मोह होईल. ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणीत कच्च्या, करकरीत आंबट मण्यांचा खच बागेत पडतो. त्यांचा रस का वापरू नये? युरोपात कच्च्या द्राक्षांचा रस स्वयंपाकात पूर्वापार आहे. पण आपल्या बागेत त्या काळात फवारण्या आणि जीएची (जिबरेलिक आम्लाची) डिपिंग चालू असते, त्यामुळे हे मणी पोटात जाऊ नयेत. चव हवीच तर बेदाणा लिंबूपाण्यात भिजवून सोबत ठेवा.

पावाऐवजी भाकरी चालेल का? मऊ भाकरी नाही चालणार. ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे तुकडा काट्यावरून सुटून भांड्यात विरघळतो. शाळूची कडक भाकरी हातात धरून बुडवली तर मात्र शिळ्या पावापेक्षा सरस लागते. एकाच भांड्यातून खाण्यातल्या उष्ट्याचा आक्षेप अधिक खरा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वाट्यांत वाढून घेतलं तर चीज दोन मिनिटांत थिजतं. त्यापेक्षा पावासाठी काटा फक्त बुडवायला ठेवावा आणि घास ताटलीत काढून खावा. भाकरीचा एक तुकडा एकदाच बुडवावा. राहिला खर्च. एक किलो कडक चीजला साधारण दहा लिटर गाईचं दूध लागतं. म्हैसाळ योजनेच्या पाण्याकडे आणि चाऱ्याच्या भावाकडे डोळे लावून बसणाऱ्या भागात हा पदार्थ रोजचा होणार नाही, व्हायचं कारणही नाही. हुरडा तरी कुठे रोज असतो?

चौघांसाठी 400 ग्रॅम चीज किसून त्याला दोन चमचे कॉर्नफ्लॉवर चोळा. जाड बुडाच्या कढईला लसूण घासून पेलाभर पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस गरम करा, त्यात कीस मुठीमुठीने घालत ढवळा, आणि राख धरलेल्या निखाऱ्यांवर कढई ठेवा. उकळी येऊ देऊ नका. मीठ तर अजिबात घालू नका. चीजमध्ये ते भरपूर असतं.